शिडाच्या होडीला छोटं मशीन बसवताना

गेल्या तीन महिन्यांत आमच्याकडे एकच प्रश्न तीन वेगवेगळ्या घरांतून आला. घरात शिडाची लहान होडी आहे, वडील किंवा चाचा आता थकत चालले आहेत, पोरगा कुवेतहून किंवा दोह्याहून पैसे पाठवतो आहे, आणि होडीला मागे एक छोटं मशीन लावायचं आहे. कोणतं घ्यावं, किती ताकदीचं घ्यावं, कुठे बसवावं? आमच्याकडे विचारणा होण्याचं कारण एवढंच की आमच्या मामूंच्या होडीला आम्ही घरच्यांनी मिळून मशीन बसवलं. आधी चुकीचं बसवलं, मग बरोबर बसवलं. आम्ही मेकॅनिक नाही, शाळेत विज्ञान शिकवतो. पण त्या दोन वर्षांत खाडीवर जे कळलं ते तिघांना फोनवर वेगवेगळं सांगण्यापेक्षा इथे एकदाच लिहिलेलं बरं.

मशीन हवंच कशाला, असं विचारणारेही आहेत. किनाऱ्यावरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण आपले पुष्कळ वाचक आता मुंब्रा, कुर्ला, पुण्याला राहतात, म्हणून थोडक्यात सांगतो. पहाटे जमिनीकडून दर्याकडे मतलई वारा वाहतो, तो होडीला बाहेर नेतो. दुपारी दर्यावरचा खारा वारा सुटतो, तो परत घरी आणतो. या दोन वाऱ्यांवर आपल्या आजा-पणजांनी संसार केले. पण मध्ये दोनेक तास वारा अगदी पडतो. शीड लोंबकळतं, आणि माणसाने वल्ही मारायची. पूर्वी होडीवर चार धडधाकट माणसं असायची. आता मामू साठीच्या पुढे, बरोबर एखादा शाळा सोडलेला पोरगा. ओहोटी जोरात असताना खाडीच्या मुखात वारा पडला, तर वल्ही मारून मारून होडी जागच्या जागी राहते, कधी मागेच जाते. मशीन हवं ते या वेळेसाठी.

हे आधी मनात पक्कं करा, कारण पुढचा सगळा हिशोब त्यावर ठरतो. मशीन शिडाच्या जागी लावायचं आहे, की शिडाच्या मदतीला? शिडाच्या जागी लावायचं असेल तर खरं म्हणजे होडीच वेगळी लागते. मदतीला लावायचं असेल तर आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच लहान मशीन पुरतं.

आमची पहिली चूक इथेच झाली. मामेभावाने हौसेने ९.९ अश्वशक्तीचं जुनं टू-स्ट्रोक मशीन आणलं. म्हणाला, “अब्बा, आता तुम्ही सगळ्यांच्या आधी बंदरात.” मामूंनी एवढंच विचारलं, “आधी येऊन काय करू? मासे तेवढेच ना?” तेव्हा आम्ही सगळे हसलो.

पाण्याला बाजूला सारत चालणाऱ्या होडीचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. होडी चालताना पुढे एक लाट उठते आणि मागे एक. वेग वाढला की या लाटा लांब होतात, आणि एका मर्यादेनंतर होडी स्वतःच्याच लाटेचा चढ चढायला लागते. मग कितीही ताकद लावा, पाणी उसळतं, मागचा भाग खाली बसतो, पेट्रोल जळतं, पण वेग काही वाढत नाही. हिशोब सोपा आहे. होडीची पाण्यालगतची लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला १.३४ ने गुणा, की नॉटमध्ये मर्यादा मिळते. २० फुटांच्या होडीला साधारण ६ नॉट, म्हणजे ताशी ११ किलोमीटर. १६ फुटांच्या होडीला साडेपाच नॉटसुद्धा नाही. उलांडीची होडी अंगाने अरुंद असते म्हणून ती या मर्यादेच्या थोडी पुढे जाऊ शकते, पण जाळं, बर्फ आणि माणसं भरल्यावर तो फायदा फारसा उरत नाही. आठवीच्या वर्गात आम्ही हे गणित फळ्यावर करून घेतलं. मच्छीमारांच्या पोरांना वर्गमूळ पहिल्यांदाच कामाचं वाटलं.

आता ताकदीचं बघू. या वेगासाठी भरलेल्या होडीच्या दर टनामागे तीन ते पाच अश्वशक्ती पुष्कळ होतात. मामूंची होडी २० फुटी. होडी, तीन माणसं, जाळी, बर्फ धरून एक टनाच्या आसपास. म्हणजे ५ अश्वशक्तीचं मशीन बस झालं. आणलं होतं त्याच्या दुप्पट. फोर-स्ट्रोक ५ अश्वशक्तीचं मशीन पूर्ण वेगात तासाला दोन लिटरच्या आसपास पेट्रोल पितं. जुनं टू-स्ट्रोक ९.९ पूर्ण वेगात त्याच्या दुपटीच्याही वर जातं. आणखी एक गंमत अशी, की ६ नॉटऐवजी ५ नॉटने चाललात तर खर्च जवळपास निम्म्यावर येतो. दहा किलोमीटरच्या वाटेत उशीर होतो तो फक्त दहा-बारा मिनिटांचा.

केरळचा दाखला इथे द्यावासा वाटतो. तिथल्या पारंपरिक होड्यांवर १९८० च्या दशकात आउटबोर्ड मशीन झपाट्याने आली. सुरुवात सात-आठ अश्वशक्तीपासून झाली. शेजाऱ्याने १५ चं घेतलं म्हणून याने २५ चं घेतलं, मग ४०, आणि पुढे मोठ्या होड्यांवर एकाऐवजी दोन-तीन मशीन. मासा काही त्या प्रमाणात वाढला नाही. इंधन आणि कर्ज मात्र वाढलं. आपल्याकडे ही शर्यत घराघरांत सुरू होते ती अशाच “सगळ्यांच्या आधी बंदरात”वरून. आणि मशीनसाठी मासळीच्या व्यापाऱ्याकडून उचल घेतली असेल, तर मग मासा त्याच्याच तराजूत आणि त्याच्याच भावाने जातो, हे किनाऱ्यावरच्या कोणत्याही बाईला विचारा, ती सांगेल. शक्य असेल तर आधी पैसे साठवा, घरच्यांत वाटून घ्या, लहान मशीन घ्या. उचल घेऊ नका.

मशीन बसवायचं कुठे?

फायबरच्या नव्या होडीला मागे सपाट फळी असते, तिच्यावर मशीन अडकवलं की झालं. आपली जुनी होडी दोन्ही टोकांना निमुळती. मागच्या टोकाला सुकाणू लटकतं. तिथे मशीन अडकवायला जागाच नाही. काही जण मागचं टोक कापून सपाट करतात. आमचं मत विचाराल तर, हे करू नका. मागचा निमुळता आकार मागून येणारी लाट फोडतो, आणि शिडावर चालताना पाणी सुरळीत सोडतो. कापलेली होडी ना धड शिडाची राहते, ना धड मशीनची.

दुसरा मार्ग म्हणजे बाजूला, मागच्या टोकापासून थोडं पुढे, काठावर एक लाकडी पाट बसवणं. आम्ही हाच घेतला. पहिल्या वेळी आम्ही काय केलं, तर काठावरून एक आडवी फळी टाकली, तिला खिळे मारले, आणि फळीच्या बाहेर आलेल्या टोकाला मशीन अडकवलं. मशीनचे दोन पकडस्क्रू हाताने घट्ट पिळले. पंधरा दिवस छान चाललं. एका दुपारी, ओहोटी बाहेर जात होती आणि खारा वारा आत येत होता, तेव्हा खाडीच्या मुखात पाणी असं उसळायला लागलं की होडी टणाटण आपटत होती. मशीनच्या थरथरीने स्क्रू सैल झाले, फळी वाकली, आणि चालू मशीन उसळून पाण्यात गेलं. साखळी बांधलेली नव्हती. मामूंनी लगेच शीड चढवलं आणि होडी घरी आणली. शीड काढून टाकलं असतं तर त्या दिवशी काय झालं असतं, यावर घरात कोणी बोललं नाही.

मशीन दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर दोरीने वर काढलं. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण बहुतेक जण नेमकं उलटं करतात. बुडालेलं मशीन वर काढून उन्हात वाळत ठेवू नका. खाऱ्या पाण्याला हवा लागली की आतला भाग काही तासांत गंजायला लागतो. वर काढल्याबरोबर गोड्या पाण्याने भरपूर धुवा. स्पार्क प्लग काढा, मशीन उलटं-सुलटं करून आतलं पाणी बाहेर जाऊ द्या, प्लगच्या भोकातून तेल सोडून चाक हाताने हळूहळू फिरवा. ते अडकत असेल तर जोर लावू नका. चालू असतानाच पाण्यात गेलेलं मशीन आत वाकलेलं असू शकतं. आणि मेकॅनिक लगेच मिळत नसेल, तर मशीन गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवूनच ठेवा. ऐकायला वेड्यासारखं वाटतं, आम्हालाही वाटलं होतं. आमचं मशीन एक रात्र खाडीत आणि मग अर्धा दिवस उन्हात राहिलं. ते परत चाललं नाही.

दुसऱ्या वेळी मशीन ५ अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक घेतलं, वजन सत्तावीस किलोच्या आसपास, आणि पाट गावातल्या जुन्या सुताराकडून करून घेतला. त्याने केलं ते असं. पाट सागाचा, पावणेदोन इंच जाड. मशीनचा पकडस्क्रू दीड ते दोन इंच जाडीवर नीट बसतो. पाट काठाला नुसता ठोकला नाही, तर आतून दोन बरगड्यांना जोडणारी एक फळी बसवली आणि स्टेनलेसचे बोल्ट आरपार घातले, आतल्या बाजूने मोठे वॉशर लावून. म्हणजे मशीनचा ढकल एका फळीवर न येता होडीच्या सांगाड्यावर येतो. भोकांमध्ये सीलंट भरलं, नाहीतर लाकूड आतून कुजतं आणि ते दोन पावसाळ्यांनंतरच कळतं. पाटावर स्क्रूच्या खाली धातूची पट्टी लावली. आणि मशीनला एक साखळी, जिचं दुसरं टोक पाटाला नाही, होडीला बांधलेलं. पाटच तुटला तर?

कोणत्या बाजूला बसवायचं, यावर आमच्याकडे बरीच भांडणं झाली. सुतार म्हणाला उलांडीच्या उलट बाजूला, तिथे जागा मोकळी. पण विचार करून बघा. उलांडीचं लाकूड पाण्यात घासत चालतं, त्यामुळे होडीचं तोंड उलांडीच्या बाजूला ओढलं जातं. मशीन उलट बाजूला लावलं तर त्याचा ढकलही तोंड उलांडीकडेच वळवतो. दोन्ही ओढी एकाच बाजूला, आणि सुकाणू सतत धरून मामूंचा हात भरून येणार. मशीन उलांडीच्या बाजूला, पण उलांडीच्या मागच्या आडव्या बांबूच्या मागे लावलं, तर दोन्ही ओढी एकमेकींना बऱ्यापैकी खाऊन टाकतात. आधी दोरखंडाने तात्पुरतं बांधून, शांत पाण्यात दोन्ही बाजूंनी चालवून बघितलं, आणि मगच भोकं पाडली. जाळं सोडताना-ओढताना मोकळी बाजू मोकळीच राहिली, हा आणखी एक फायदा. तुमच्या होडीला उलांडी नसेल तर जाळं ज्या बाजूने ओढता त्याच्या उलट बाजू धरा.

भोकं पाडण्याआधी जमिनीवरच आणखी एक तपासणी करा. मशीन पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा, सुकाणूही तसंच वळवा. पंखा आणि सुकाणू यांच्यात कुठल्याही स्थितीत निदान एक फूट अंतर राहिलं पाहिजे. मशीन वर उचललं की त्याचं डोकं कुठे आपटतं तेही बघा.

पाटाची उंचीही मोजून ठरवायची असते. पंख्याच्या वर एक आडवी चपटी पट्टी दिसते. ती पाण्याच्या वर आली की पंखा हवा ओढतो, मशीन किंचाळतं आणि होडी पुढे जात नाही. बाजूला बसवलेल्या मशीनची ही पट्टी रिकाम्या होडीतही चार-सहा इंच पाण्याखाली असावी. बाजारात मशीनच्या शाफ्टची लांबी मुख्यतः दोन मापांत येते, १५ इंच आणि २० इंच. १५ चं घेतलं तर पाट पाण्यापासून दहाच इंचांवर येतो, म्हणजे प्रत्येक लाट मशीनच्या डोक्यावर. २० चं घेतलं तर पाट पंधरा इंचांवर येतो. शिडाच्या होडीला, जी झुकते आणि डोलते, २० इंचीच घ्यावं. दुकानदाराकडे १५ चं पडून असेल तर तो तेच चांगलं म्हणेल.

आणि पंखा. मशीनबरोबर येणारा पंखा पुष्कळदा हलक्या, वेगवान बोटीसाठी असतो. त्याचा पीच, म्हणजे एका फेऱ्यात पंखा किती इंच पुढे सरकेल ते माप, जास्त असतं. आपल्या जड होडीला कमी पीचचा पंखा लागतो. बैलगाडी चढावर ओढायची तर घोड्याची चाल कामाची नाही. ओळखायचं कसं? भरलेल्या होडीत पूर्ण वेग दिल्यावर मशीन पुस्तकात लिहिलेल्या फेऱ्यांपर्यंत पोचत नसेल, धपापत असेल, तर पीच जास्त आहे. एक इंच पीच कमी केला की मिनिटाला साधारण दीडशे ते दोनशे फेरे वाढतात.

शीड आणि मशीन एकत्र

डोलकाठी काढू नका. हे आम्ही ओरडून सांगू. राजपुरीहून जंजिऱ्याला पर्यटक नेणाऱ्या शिडाच्या होड्या ज्यांनी बघितल्या आहेत, त्यांना माहीत आहे की जाणत्या हातात शीड काय करू शकतं. मशीन लावल्यावर वर्षभरात शीड घराच्या माळ्यावर जातं, उंदीर कुरतडतात, आणि पोराला परमण चढवायला कोणी शिकवत नाही. मग ज्या दिवशी मशीन बंद पडतं त्या दिवशी होडीवर काहीच उरत नाही.

वारा मंद असेल तर दोन्ही एकत्र चालवता येतात. शीड लावून मशीन अगदी हळू ठेवा. दोघांच्या मदतीने होडी सहज पाच नॉट जाते आणि पेट्रोल नावापुरतं लागतं. वारा चांगला असेल तर मशीन बंद करून वर उचला. पाण्यात लोंबणारा पंखा बादलीसारखा ओढतो. मशीन चालू करण्याआधी मात्र पाण्यात एकही दोर लोंबत नाही ना ते बघायचं. शिडाची दोरी पंख्यात गेली तर दोरी, शीड आणि मशीन तिन्ही एकदम अडकतात. मामूंनी यासाठी नियमच केला आहे: दोर गोळा झाल्याचं पोरगा तोंडाने सांगेल, तेव्हाच मामू दोरी ओढणार.

वाळूच्या पट्ट्यावरून जाताना मशीनची उचलण्याची कडी मोकळी ठेवा, म्हणजे पंखा तळाला लागला तर मशीन आपोआप वर उसळेल. पण मागे चालवताना कडी लावावी लागते, नाहीतर मशीन स्वतःच पाण्याबाहेर येतं. हे दोन्ही लक्षात राहायला आम्हाला महिना लागला.

आणि भरती-ओहोटी. ५ नॉटची होडी आणि समोरून ३ नॉटची ओहोटी, म्हणजे हातात २ नॉट. मशीन आलं म्हणून पाण्याची वेळ बघायची नाही, असं होत नाही. आपल्या घरात चांदची तारीख सगळ्यांना ठाऊक असते, तिचा इथे उपयोग होतो. महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या आणि चौदाव्या-पंधराव्या चांदच्या आसपास उधाण असतं, पाण्याची ओढ सर्वांत जास्त. सातव्या-आठव्या आणि बाविसाव्या-तेविसाव्याच्या आसपास भांग, ओढ कमी. नवीन मशीनचे पहिले धडे भांगाच्या दिवसांत घ्या.

पेट्रोलबद्दल एक नवी अडचण आहे, जी जुन्या मेकॅनिकलाही कधी कधी माहीत नसते. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. बऱ्याच आउटबोर्ड कंपन्या १० टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणालाच मान्यता देतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि खाडीवरची हवा कशी असते ते सांगायला नको. टाकीत महिनाभर पडलेलं पेट्रोल खाली पाणी सोडतं, मशीन ऐनवेळी खोकतं. विकत घेतानाच दुकानात मशीनचं पुस्तक उघडून यावर काय लिहिलंय ते वाचा. नळीत पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा. लागेल तेवढंच पेट्रोल आणा, आणि आठवडाभर होडी निघणार नसेल तर नळी काढून मशीन त्यातलं पेट्रोल संपेपर्यंत चालवा, पण पाण्यात ठेवूनच. कोरडं चालवलं तर आतला रबरी पंप बघता बघता जळतो. परत आल्यावर गोड्या पाण्याच्या पिंपात पाच-दहा मिनिटं चालवणं हे घोड्याला पाणी पाजण्यासारखं समजा, चुकवायचं नाही. चालू असताना मागून पाण्याची बारीक धार सतत पडली पाहिजे. धार थांबली की मशीन ताबडतोब बंद.

पेट्रोल होडीत भरू नका, कॅन किनाऱ्यावर भरा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, होडीच्या तळाशी साचून बसते, आणि तिथेच कोणीतरी बिडी पेटवतो. मशीन बंद करणारी लाल दोरी मनगटाला बांधा. मामू एकदा म्हणाले, “अरे मास्तर, मी काय शाळेतलं पोर आहे?” आम्ही म्हटलं, “मामू, तुम्ही पाण्यात पडलात तर मशीन थांबणार नाही, होडी गोल फिरून तुमच्याच अंगावर येईल.” तेव्हापासून बांधतात. लाइफ जॅकेट आणि वल्ही तर हवीतच. आणि १५५४ हा तटरक्षक दलाचा मदतीचा नंबर फोनमध्ये आधीच भरून ठेवा.

शेवटी कागद. बसवणाऱ्यांपैकी निम्मे लोक हेच विसरतात आणि नंतर पस्तावतात. मासेमारीची होडी बिगर यांत्रिक म्हणून नोंदलेली असेल आणि तुम्ही मशीन लावलंत, तर नोंद बदलावी लागते, मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याकडे. मशीनची पावती आणि नंबर जपून ठेवा, जुनं घेत असाल तर विकणाऱ्याचे कागद घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. माणसं किंवा पर्यटक नेणारी होडी असेल तर तिचा परवाना वेगळा, तो महाराष्ट्र सागरी मंडळाकडे.

आणि नोंद बदलली की एक मोठा फरक पडतो. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस आपल्या किनाऱ्यावर मासेमारी बंद असते. बिगर यांत्रिक पारंपरिक होड्यांना या बंदीतून सूट आहे. मशीन लागलेल्या होडीला नाही, मग ते ५ अश्वशक्तीचं का असेना. ज्या घरात पावसाळ्यात वल्ह्याच्या होडीने थोडे बोय, थोडे खेकडे आणून चूल पेटते, त्या घराने हा हिशोब मशीन घेण्याआधी करावा. दोन महिन्यांची ती कमाई वर्षभराच्या सोयीपेक्षा कमी आहे का जास्त, हे प्रत्येक घराचं वेगळं. बंदीचा आदेश दरवर्षी निघतो, तो स्वतः वाचा, चहाच्या टपरीवरचा ऐकू नका.

मामूंच्या घरी हा हिशोब दोन रात्री चालला. मामींनी वहीत लिहिला. त्यांच्याकडे एक दुसरी लहान पगार होडी होती, घराच्या मागे पालथी पडलेली. ती डांबर लावून दुरुस्त केली, आणि ती बिगर यांत्रिकच ठेवली. पावसाळ्यात ती निघते. मोठीला मशीन लागलं, तिची नोंद बदलली, आणि जून-जुलैत ती झापांखाली असते.

मागच्या शुक्रवारी आम्ही मोठ्या होडीतून मामूंबरोबर गेलो होतो. वारा साडेनवाला पडला. मामूंनी दोर गोळा करायला सांगितले, पोरगा “झाले” म्हणाला, मशीन दुसऱ्या ओढीला चालू झालं. पाऊण तासाने खारा वारा आला तसं मामूंनी ते बंद करून वर उचललं आणि शीड चढवलं. बंदरात आम्ही सगळ्यांच्या आधी नव्हतो, चौथे होतो. कॅनमध्ये सकाळी तीन लिटर भरले होते, सव्वादोन परत आले.